शाकाहारी मासा

गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरचं कुलूप उघडून मी आत पाऊल टाकलं, तर समोर एक जिवंत मासा माझ्याकडे टक लावून बघत होता. मी किंचाळलेच. आमच्या बदलीवाल्यांच्या जगात आधीचं कुटुंब पुढच्यांसाठी काहीबाही ठेवून जातं, ही रीत मला नवी नव्हती. तुळशीची कुंडी, पडद्यांच्या दांड्या, एकदा तर लिंबाच्या लोणच्याची भरलेली बरणीसुद्धा मला अशी मिळाली होती. पण श्वास घेणारं, खायला मागणारं काही अजून कोणी माझ्या गळ्यात मारलं नव्हतं. दोन फुटी काचेची टाकी, तळाशी पांढरे खडे, आणि त्यात एकटाच नारिंगी गोल्डफिश, शेपटीचं टोक पांढरं.

ओट्यावर वहीच्या पानावर लिहिलेली चिठ्ठी होती. ‘काकू, हा माझा आहे. मी मे महिन्यात न्यायला येणार. रोज दोनदा दाणे, एक चिमटी. प्लीज मरू देऊ नका.’

चिठ्ठी दहा वर्षांच्या मुलीची होती. तिच्या वडिलांची नागपूरला तडकाफडकी बदली झाली होती. ते मराठी कुटुंब आमच्या आधी चार वर्षं त्या क्वार्टरमध्ये राहत होतं. सामानाच्या गडबडीत मासा नेणं जमलं नाही, आम्ही येईपर्यंत दोन दिवस खालच्या मजल्यावरच्या बंगाली बाई त्याला दाणे घालत होत्या. मुलीच्या आईचा त्याच संध्याकाळी फोन आला. म्हणाली, “वहिनी, रागावू नका हो. हावड्याला गाडी सुटली तेव्हापासून ही जी रडायला लागली, ती खडगपूर गेलं तरी थांबेना.” मागून मुलीचा आवाज आला. मी फोन तिच्याकडे द्यायला लावला आणि मोठ्या तोंडानं सांगितलं, “मे महिन्यात तुझा मासा तुला जसाच्या तसा परत. काकूचा शब्द आहे.”

शब्द दिल्यावर मला घाम फुटला. आम्ही पक्के शाकाहारी. साताऱ्याला माझ्या माहेरी अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही, आणि कोलकात्यात यायचं ठरलं तेव्हा माझी सगळ्यात मोठी काळजी वासाची होती. आता मासाच दिवाणखान्यात! त्याच्या दाण्यांच्या डब्याला सुकटीसारखा वास यायचा. मी तो डबा बाल्कनीत ठेवला, त्याला वेगळा प्लॅस्टिकचा चमचा ठरवला, आणि दर वेळी कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायला लागले. हे बघून आमचे हे हसायचे. म्हणायचे, “तू त्याला दाणे घालतेस की ऑपरेशन करतेस?”

दर रविवारी सकाळी दहाला मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा. ती माझ्याशी दोन वाक्यं बोलायची आणि मग म्हणायची, “काकू, मला त्याच्याजवळ धरा.” मी फोन काचेला लावून उभी राहायची. ती त्याच्याशी बंगालीत बोलायची. चार वर्षं कोलकात्याच्या शाळेत काढलेली ती पोर, तिची मराठी हिंदी-बंगालीच्या आधारानं चालायची, आणि माशाशी बोलताना तर मराठीची गरजच नव्हती. तोही वेडा काचेशी येऊन तोंड उघडमीट करायचा. मला तेव्हा खरंच आश्चर्य वाटायचं. माशाला माणूस कळतं, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळत होतं.

टाकी आधी आतल्या भिंतीशी होती. मी ती पूर्वेच्या खिडकीत हलवली, कारण सकाळचं ऊन त्या नारिंगी अंगावर पडलं की फार छान दिसायचं. तीन आठवड्यांत काच हिरवी झाली. आधी कोपऱ्यांतून, मग सगळीकडून. रविवारी मुलगी म्हणाली, “काकू, तो मला दिसतच नाही. सगळं हिरवं आहे.” तिचा आवाज बारीक झाला होता. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की विचारू नका. माझ्या घरात येऊन कोणी घाण आहे म्हणावं! माझ्या ओट्यावर बोट फिरवा, तेलाचा अंश सापडणार नाही अशी मी.

कोणीतरी सांगितलं की शेवाळ खाणारे मासे मिळतात. मी दुसऱ्याच दिवशी तारातलाहून ऑटो बदलत बेहालाला गेले. मुख्य रस्त्याच्या आत एका बोळात माशांचं दुकान होतं, दोन्ही भिंतींना टाक्याच टाक्या, आणि मध्ये एक शांत, चष्मेवाला दुकानदार. मला वाटलं होतं, शेवाळ खाणारा मासा द्या म्हटलं की एक मासा पिशवीत घालून देईल. त्यानं माझ्यासमोर सफाई कामगारांची अख्खी फौज उभी केली. गोगलगायी होत्या, त्या काचेवर अंड्यांचे पुंजके चिकटवतात म्हणाला. माझ्या अंगावर काटा आला. काळ्या मॉली होत्या, त्या थोडंफार शेवाळ खातात, पण महिन्या-महिन्याला पिलं. नको रे बाबा, मला एकाच लेकराचा शब्द पाळायचा होता. मग त्यानं बारीक, काचेसारख्या आरपार कोळंब्या दाखवल्या. जिवंत कोळंबी, माझ्या दिवाणखान्यात! मी मान दुसरीकडे फिरवली.

दुकानदारानं मला नीट न्याहाळलं आणि बौदी, म्हणजे वहिनी, अशी हाक मारून विचारलं, “बौदी, टैंक में धूप आता है क्या?”

“आता है. खिडकी में है.”

“तो कुछ मत लीजिए. टैंक खिड़की से हटाइए, हफ़्ते में थोड़ा पानी बदलिए, काच पोंछ दीजिए. गोल्डफिश के साथ कुछ डालने का दरकार नहीं.”

गिऱ्हाईक दारात आलेलं असताना ‘काही घेऊ नका’ म्हणणारा दुकानदार मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मला तो खरं बोलतोय असं वाटायला हवं होतं. मला वाटलं, याला विकायचा कंटाळा आलाय. आणि तेवढ्यात मला तो दिसला. कोपऱ्यातल्या टाकीत, काचेला पोटाकडून चिकटलेला, काळपट, अंगभर ठिपके, आणि गोल तोंड काचेवर फिरतंय. तो जिथून सरकत होता तिथली काच लख्ख होत होती. मी बोट दाखवलं.

“वो सकर है. काई खाता है.” काई म्हणजे शेवाळ, एवढं हिंदी मला येत होतं.

“सिर्फ काई? शाकाहारी है ना?”

दुकानदार हसला. “बौदी, मिल जाए तो सब खाता है. भूखा मत रखिएगा. इसका दाना अलग आता है, नीचे बैठने वाला.” त्यानं फळीवरून एक पाकीट काढलं.

आता आला हा खरा रंगावर, असं मी मनात म्हटलं. आधी नको-नको म्हणायचं आणि मग वरचा माल गळ्यात बांधायचा. मंडईत भाजीवाल्यांशी हुज्जत घालत मोठी झालेली बाई मी, मला कोण फसवणार! मी पाकीट परत केलं आणि ‘काई खाता है’ एवढं वाक्य घेऊन घरी आले.

घरी मी अगदी जाहीर केलं, “हा शाकाहारी आहे.” हे म्हणाले, “अख्ख्या कोलकात्यात शोधून शोधून आपल्यातलाच मासा आणलास.” खालच्या मजल्यावरच्या त्या बंगाली बाई, आता माझ्या दिदी, बघायला आल्या. त्या रोज सकाळी ताजा मासा घेणाऱ्या. त्यांनी हनुवटीवर बोट ठेवून म्हटलं, “माछ भी वेज?” आणि हसत हसत खाली गेल्या. मला त्या सकरचं कौतुकच वाटायला लागलं. दिवसभर तो फिल्टरच्या मागे लपून बसायचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आठवड्याभरात काच निवळली.

पण त्याच्या जिभेला काही माझ्या हाताची सर नव्हती. मधे मधे हिरवे पट्टे राहायचे. मग मीच जुन्या टूथब्रशनं ते घासून काढायला लागले. दर शनिवारी काच अशी चकाकायची की रविवारी मुलगी ओरडायची, “काकू, एकदम क्लिअर!” आणि मी फुशारून जायची. तिला मी सांगितलं होतं की सफाईला एक मासा आणलाय, पण तो कायम लपलेला, तिला कधी धड दिसलाच नाही. तिला बघायचाही नव्हता. तिचा जीव नारिंगी माशात.

आणखी एक गोष्ट मी करत होते, ती आता लिहितानाही मला शरम वाटते. दाणे घालताना मी ते गोल्डफिशच्या अगदी तोंडापाशी सोडायची आणि तो सगळे खाईपर्यंत उभी राहायची. एखादा दाणा खाली बसलाच तर चमच्यानं काढून घ्यायची. का, तर त्या दाण्यांत सुकट असते, आणि माझ्या घरातला एकमेव शाकाहारी मासा बाटायला नको! कोणी माझ्यावर हसलं तर हसू दे. मला तेव्हा त्यात काही गैर दिसत नव्हतं, उलट मी फार नीटनेटकं वागतेय असंच वाटत होतं.

सकर आणून चार-पाच आठवडे झाले असतील. गोल्डफिशच्या डाव्या कुशीवर एक फिकट डाग दिसला. मग खवल्यांची चमक गेली. मी पाणी बदललं, घाबरून खिडकीचा पडदा ओढला. तो काचेशी यायचा कमी झाला. मुलीला मी सांगितलं, झोपाळलाय. मला वाटलं, काही रोग असेल, उतरेल.

एका गुरुवारी सकाळी सहाला मी चहाचं आधण ठेवलं आणि दिवाणखान्यात जाऊन टाकीचा दिवा लावला. पहिल्यांदा मला कळलंच नाही मी काय बघतेय. गोल्डफिश टाकीभर सैरावैरा धावत होता आणि त्याच्या कुशीला काहीतरी काळं लोंबत होतं. तो काचेवर आपटत होता, वळत होता, ते काळं सुटत नव्हतं. माझा शाकाहारी मासा होता तो. तोच आपलं गोल तोंड माझ्या नारिंगी माशाच्या अंगाला लावून त्याला ओरबाडत होता.

मी कशी ओरडले मला आठवत नाही, पण हे अंघोळीला जाता जाता टॉवेलवर धावत आले. मी स्वयंपाकघरातून हाताला लागला तो झारा उचलला, ज्यानं मी पुऱ्या तळते तो झारा, आणि तो टाकीत खुपसला. पाणी माझ्या गाऊनवर, फरशीवर, सगळीकडे. कधी नव्हे तो माझा हात माशाला लागला, बुळबुळीत आणि गार, आणि मी तो काढून घेतला नाही. शेवटी सकर सुटला, त्याचे काटेरी पर झाऱ्याच्या भोकांत अडकले. मी त्याला तसाच न्हाणीघरातल्या बादलीत झटकला. चहाचं आधण उतू जाऊन गॅस विझला होता.

गोल्डफिश तळाशी एका अंगावर कलंडला होता. कुशीवर रुपयाएवढा गुलाबी, सोललेला भाग. मी दिदींना हाक मारली. त्या धावत आल्या, तशाच ओल्या हातांनी. त्यांनी एका क्षणात टाकीत हात घालून त्याला ओंजळीत घेतलं आणि अंगठ्यानं त्याच्या गालावरचं झाकण उचलून आत बघितलं. बाजारात मासा ताजा आहे का बघतात ना, अगदी तस्सं. मला वाटलं, आता ही म्हणणार, साफ करून देऊ का.

त्या म्हणाल्या, “कानको अभी लाल है. बचेगा.” बंगालीत कानको म्हणजे माशाचे श्वासाचे कल्ले. मग त्यांनी त्याला अलगद पाण्यात सोडलं, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, “आहा रे, बेचारा.” मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. दर दुपारी ज्यांच्या कढईत मासा शिजतो त्या बाईचे डोळे एका माशासाठी भरले होते, आणि माझे कोरडे होते. मला नुसता संताप आला होता, त्या सकरचा. फसवलं मेल्यानं, एवढंच डोक्यात होतं.

दिदींनी सांगितल्याप्रमाणे मी पाण्यात खडेमीठ घातलं. हे म्हणाले, “जगला तर ठीक. नाहीतर बेहालाहून दुसरा आण. सगळे नारिंगी सारखेच, त्या पोरीला काय कळतंय.” मी त्यांच्यावर इतकी भडकले की ते डबा न घेता ऑफिसला गेले. आणि दुपारी अडीच वाजता मी त्याच दुकानात उभी होते, शेपटीचं टोक पांढरं असलेला गोल्डफिश शोधत. एक होता. जवळजवळ तसाच. दुकानदारानं जाळी हातात घेतली. ‘जसाच्या तसा’ असा शब्द मी ज्या तोंडानं दिला होता त्याच तोंडानं आता ‘हा द्या’ म्हणणार होते. मला माझीच भीती वाटली. मी काही न घेता, काही न सांगता तिथून निघाले.

तीन दिवस झाले, गोल्डफिश जगला होता. सरळ पोहायला लागला, पण कोपऱ्यातच. बादलीकडे मी पाणी बदलण्यापुरतीच जात होते, तेही तोंड फिरवून. रविवारी सोडून दे त्या सकरला गंगेत, असं हे म्हणत होते, आणि दिदी सांगत होत्या की तसं करू नका, हा परका मासा आहे, नदीत गेला तर तिथल्यांना जगू देणार नाही.

रविवारी दहाला फोन वाजला. मी ठरवलं होतं, जरा खरचटलंय म्हणून सांगायचं. मुलीनं स्क्रीनवर टाकी नीट बघितली. मग म्हणाली, “काकू, हे खरचटलेलं नाही.”

मग मी सगळं सांगितलं. झारा, बादली, दिदी, सगळं. दुकानात दुसरा मासा बघून आले तेही सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, पण त्या पोरीच्या डोळ्यांसमोर खोटं टिकेना. मला वाटलं, आता ती रडणार, आईला बोलावणार. मी तिच्या रागासाठी तयार होते. मी म्हणाले, “त्या दुष्टाला मी बादलीत टाकलाय. तू सांगशील ते करते त्याचं.”

ती म्हणाली, “मला दाखवा त्याला.”

मी फोन घेऊन न्हाणीघरात गेले. बादलीवर धरला. तीन दिवसांत मी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघत होते. तो तळाशी हलत नव्हता.

“काकू,” ती म्हणाली, “त्याचं पोट बघा ना. आत गेलंय.”

खरंच आत गेलं होतं. पोटाच्या जागी खळगा होता.

“तुम्ही त्याला काय खिलवत होतात?”

“अगं, तो शेवाळ खातो ना. त्याचं तो खातो.”

“पण शेवाळ कुठे होतं?” तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. “मला रोज रविवारी काच एकदम क्लिअर दिसत होती.”

त्या चकचकीत काचेचं कौतुक मी पाच आठवडे तिच्याकडूनच करून घेतलं होतं. माझ्या घरी आलेला गॅसवाला, पोस्टमन, कोणी पाणी तरी घेतल्याशिवाय गेलेला नाही. मीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा मी लाडू देते. आणि एक जीव मी स्वतः निवडून, पिशवीत घालून घरी आणला होता, त्याच्या तोंडचं टूथब्रशनं घासून काढलं होतं, खाली पडलेला दाणासुद्धा चमच्यानं उचलला होता, आणि मग त्यालाच दुष्ट म्हणत होते. मी फोन तसाच धरून न्हाणीघरातल्या स्टुलावर बसले.

“काकू? काकडी आहे का घरात? काकडी खातो तो.”

कोशिंबिरीसाठी काढलेली काकडी ओट्यावर होती. मी एक चकती कापली. ती तरंगायला लागली, तर मुलीनं सांगितलं, काट्याच्या चमच्यात खोचा. मी चमचा खोचून ती तळाशी सोडली. आम्ही दोघी वाट बघत राहिलो, ती नागपुरात, मी बादलीशी. पाच मिनिटं, सात मिनिटं. मग तो हलला. काकडीला तोंड लावलं आणि त्याचं सगळं अंग थरथरायला लागलं, इतक्या जोरात तो ओढत होता. चमचा बादलीच्या तळावर वाजत होता.

मी रडत होते. उठून आणखी चकत्या कापायला लागले, एक, दोन, चार. हात भरून बादलीपाशी आले.

“एवढं नका देऊ, काकू,” ती फोनमधून घाईघाईनं म्हणाली. “थोडं थोडं द्या. त्याला आता खायची सवय नसेल.”